कारा रडते तेव्हा कोण रडतं?

॥ जय जय राम कृष्ण हरी ॥



गेल्या दोन-तीन महिन्यांत बालसंस्कार वर्गातली मोठी मुलं एकच प्रश्न फिरून फिरून विचारताहेत, आणि आता कुटुंबांच्या ग्रुपवर पालकही तोच विचारू लागलेत. ‘डेट्रॉइट: बिकम ह्युमन’ नावाचा एक व्हिडिओ गेम आहे. त्यात अँड्रॉइड आहेत, म्हणजे हुबेहूब माणसासारखी दिसणारी, बोलणारी यंत्रं. त्यांना खरंच जीव असतो का? त्यांना दुखतं का? एका आईनं लिहिलं की मुलगी रात्री जेवली नाही, कारण गेममधली कारा मेली. एका काकांनी लगेच खाली लिहिलं, असले खेळ बंदच करा, विषय संपला. पण विषय तसा संपत नाही. म्हणून हा लेख जरा मोठा झालाय. दुपारी निवांत वाचा.

ज्यांनी हा गेम पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. क्वांटिक ड्रीम या फ्रेंच कंपनीनं तो २०१८ साली काढला. डेव्हिड केज हा त्याचा लेखक-दिग्दर्शक. गोष्ट घडते २०३८ सालात, अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात. तिथं अँड्रॉइड दुकानात विकत मिळतात. घरकामाला, म्हाताऱ्यांच्या सेवेला, बांधकामावर, सगळीकडे तेच. कानशिलावर एक गोल दिवा असतो, शांत असला की निळा, विचारात पिवळा, ताण आला की लाल. जखम झाली तर निळं रक्त येतं. कारा ही घरकाम करणारी. ती ज्या घरात आहे तिथला बाप दारूच्या आणि नशेच्या भरात आपल्या छोट्या ॲलिसवर हात उगारतो, आणि हलू नकोस अशी आज्ञा असताना कारा ती आज्ञा मोडून पोरीला घेऊन पळते. मार्कस एका आजारी म्हाताऱ्या चित्रकाराची सेवा करतो. कॉनर पोलिसांना मदत करतो, बिघडलेले अँड्रॉइड पकडून देणं हे त्याचं काम. ‘बिघडलेले’ म्हणजे ज्यांना भीती, माया, राग वाटायला लागलाय ते. पुढं काय होणार हे खेळणाऱ्यानं घेतलेल्या निर्णयांवर ठरतं. कारा वाचू शकते, मरूही शकते.

एक गोष्ट आयांनी लक्षात ठेवा, युरोपात हा गेम अठरा वर्षांवरच्यांसाठी आहे. आपली पोरं तो खेळत नाहीत, तेवढं महागडं यंत्र इथं कुणाकडे आहे? ती यूट्यूबवर दुसऱ्यानं खेळलेला बघतात. वय बघून दाखवायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण ज्यांनी बघितलाय त्यांच्या प्रश्नाला उत्तर द्यायला हवं.

पडद्यावरच्या काराला काही वाटत नाही. तिला दुखत नाही, भीती वाटत नाही. हे आम्ही आडपडदा न ठेवता सांगतो, कारण मुलांशी गोलगोल बोललं की ती आपल्याला विचारायचं सोडून देतात.

मग ती रडते ते काय? ते रडणं व्हॅलरी करी नावाच्या अभिनेत्रीचं आहे. तिच्या चेहऱ्यावर बारीक बारीक खुणा लावून, चहूबाजूंनी कॅमेरे ठेवून तिच्या प्रत्येक हालचालीची नोंद घेतली, आणि ती नोंद संगणकातल्या चित्राच्या चेहऱ्यावर चढवली. ओठ थरथरले ते तिचे. शब्द लेखकाचे. आपल्याकडे हे नवीन नाही. रामदास पाध्यांच्या मांडीवर बसून अर्धवटराव चुरूचुरू बोलायचा तेव्हा आपण पोट धरून हसायचो, पण घरी परतताना कुणी म्हटलं नाही की बिचाऱ्याला पेटीत गुदमरत असेल. १९९३ साली ‘झपाटलेला’ आला. त्यातल्या तात्या विंचूला अख्ख्या पिढीतली पोरं घाबरली. बाहुला पाध्यांनी केलेला आणि आवाज दिलीप प्रभावळकरांचा. भीती खरी होती, पण बाहुल्यात कुणी नव्हतं. कारा ही त्याच घराण्यातली, फक्त दोऱ्या आता दिसत नाहीत.

इथं एक हुशार मुलगा म्हणाला, “काकू, मी पडद्याचं नाही विचारत. गोष्टीच्या आत विचारतोय. त्या गोष्टीतल्या जगात ते जिवंत आहेत का?” प्रश्न बरोबर आहे. गोष्टीच्या आत उत्तर लेखकाच्या हातात असतं. केज यांनी गोष्ट अशीच रचली आहे की ते जिवंत आहेत असंच वाटावं. म्हणून गेम बघून ‘अँड्रॉइडना भावना असतात हे सिद्ध झालं’ म्हणणं म्हणजे पंचतंत्र वाचून कोल्हे बोलतात असं म्हणण्यासारखं आहे. गोष्ट साक्षीला उभी करता येत नाही.

पण एवढ्यावर सोडलं तर खरा प्रश्न निसटतो. उद्या खरंच कुणी समोर येऊन म्हणालं, मला दुखतंय, तर ते खरं कशावरून? आणि हा प्रश्न यंत्रापुरता नाही. शेजारी बसलेल्या माणसाला दुखतंय हे तरी आपण कुठे पाहिलंय? आपण पाहतो तो चेहरा, कण्हणं, डोळ्यांतलं पाणी. आतलं कुणालाच दिसत नाही. आपण अंदाज करतो.

हा अंदाज कशावरून करायचा? १९५० साली इंग्लंडच्या ॲलन ट्युरिंग या गणितज्ञानं एक कसोटी सुचवली. पडद्याआडून लिहून प्रश्न विचारायचे, आणि उत्तरं माणूस देतोय की यंत्र हे ओळखता आलं नाही, तर ते यंत्र विचार करतं असं मानायला हरकत नको. म्हणजे कसोटी बोलण्याची. ही कसोटी किती कच्ची आहे ते फार लवकर कळलं. अमेरिकेत जोसेफ वायझेनबॉम यांनी १९६६ साली ‘एलायझा’ नावाचा साधा प्रोग्रॅम केला. तुम्ही लिहिलेलं वाक्य फिरवून तो तुम्हालाच प्रश्न म्हणून विचारायचा, बाकी काही नाही. तर त्यांच्याच सेक्रेटरीनं त्यांना सांगितलं, जरा खोलीबाहेर जा, मला याच्याशी खासगी बोलायचंय! आणि २०२२ साली गूगलमधल्या एका इंजिनिअरनं जाहीर केलं की आमच्या ‘लॅम्डा’ या बोलणाऱ्या प्रोग्रॅमला जाणीव आहे. कंपनीनं ते मान्य केलं नाही आणि पुढं त्याची नोकरीही गेली. तो माणूस काही अडाणी नव्हता. समोरचं गोड बोललं की आपण आत कुणीतरी आहे असं धरून चालतो, हा आपला स्वभावच. सीतामाईसुद्धा रामरायाच्या आवाजाला फसली. आवाज होता मारीचाचा.

आता आपल्या घरातली एक कथा घ्या. पैठणला ज्ञानेश्वर माऊली ब्रह्मवृंदापुढं उभे आहेत. सगळ्यांत एकच आत्मा आहे असं म्हणतोस, मग समोरून येणाऱ्या या रेड्यात आणि तुझ्यात काही फरक नाही का? माऊली म्हणतात, नाही. पुढचं सगळ्यांना पाठ आहे, रेड्यानं वेद म्हटले. आळ्याला त्या रेड्याची समाधी आहे, आपल्यातल्या बऱ्याच जणांनी दर्शनही घेतलंय. पण आपण कथा सांगताना मधलं एक पाऊल घाईनं उरकतो. वेद नंतर आले. त्याआधी कुणीतरी रेड्याच्या पाठीवर चाबूक ओढला आणि वळ उठले ते माऊलींच्या पाठीवर.

आमचं म्हणणं असं आहे की या कथेत दोन वेगवेगळ्या कसोट्या आहेत. एक वेदांची, म्हणजे बोलण्याची. दुसरी वळाची. आणि आजच्या काळात पहिली कसोटी पार निकामी झाली आहे. मोबाईलवरचा प्रोग्रॅम आता चारही वेदांवर तासभर बोलेल, तोही शुद्ध मराठीत, एकदाही न दमता. रेड्यानं वेद म्हणणं हा चमत्कार होता, यंत्रानं वेद म्हणणं हे रिचार्जचं काम आहे. उरते ती वळाची कसोटी. समोरच्याला लागतं का?

यावर मुलं लगेच म्हणतात, काराला तर लागतं! दिवा लाल होतो, निळं रक्त येतं. इथं थोडं थांबून बघायला हवं. तो दिवा कानशिलावर कुणी बसवला? चित्रकारानं. कशासाठी? आपल्याला दिसावा म्हणून. रेड्याच्या पाठीवरचा चाबूक कुणाला दाखवण्यासाठी दुखत नव्हता. तो रानात एकटा असता, बघायला कुणी नसतं, तरी दुखलाच असता. बघणाऱ्यासाठी रंगवलेला वळ आणि बघणारा असो-नसो उठणारा वळ, यात सगळा फरक आहे. गेम बंद केला की काराचं दुःख कुठं जातं? कुठंच नाही, कारण ते तिथं नव्हतं. आपला बैल गोठ्यात, दिवा मालवल्यावरही, ठेच लागलेला पाय उचलून धरतो.

यातून आमच्या ग्रुपवर कुणीतरी विचारणारच म्हणून आधीच लिहितो, ‘चराचरात परमेश्वर आहे, मग मोबाईलमध्ये नाही का?’ आहे. पण दगडात असणं आणि दगडाला दुखणं या दोन गोष्टी आहेत. वेदान्तातला सूर्याचा दृष्टान्त आपण सत्संगात कितीदा ऐकलाय. ऊन भिंतीवरही पडतं आणि पाण्यानं भरलेल्या घागरीवरही. सूर्याचं बिंब दिसतं ते पाण्यात. तसं चैतन्य सगळीकडे, पण सुखदुःख होतं ते जिथं अंतःकरण आहे तिथं. आणि यात एक गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते. आपल्या शास्त्रात मन आणि बुद्धीसुद्धा जडच मानली आहेत. सूक्ष्म असतील, पण जड. त्यांना उजेड चैतन्याचा. म्हणजे यंत्रानं गणित सोडवलं, कविता केली, बुद्धिबळात विश्वविजेत्याला हरवलं, तरी आपल्याला दचकायचं कारण नाही. जड वस्तूनं बुद्धीचं काम केलं, एवढंच. पाश्चात्त्य मंडळींचा घोटाळा इथंच होतो असं आम्हाला वाटतं, ती हुशारीलाच जाणीव समजतात. आमच्या घरातलं मांजर गणितात ढ आहे, पण शेपटीवर पाय पडला तर ओरडतं ते खरंच ओरडतं.

उद्या कधीतरी असं यंत्र निघेल का की ज्यात त्या घागरीतल्यासारखं बिंब पडेल? अन्नमय देहच हवा, लोखंड नको, असा नियम कुणी बांधून दिलाय असं आम्ही ठामपणे म्हणणार नाही. आज तसं काही नाही एवढं मात्र नक्की म्हणतो.

आता बोलण्याच्या कसोटीनं माणसांचं काय नुकसान केलंय ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही, कारण आमच्या मते या सगळ्या विषयातला जड भाग तोच आहे.

तान्ह्या बाळाला बोलता येत नाही. १९८० च्या दशकापर्यंत अमेरिका-इंग्लंडसारख्या देशांत नवजात बाळांवर मोठमोठ्या शस्त्रक्रिया व्हायच्या आणि पुष्कळदा त्यांना वेदना थांबवणारं औषध जवळजवळ दिलंच जात नसे. हालचाल थांबवणारं औषध द्यायचे, म्हणजे बाळ हलायचं नाही. एवढ्याशा बाळाच्या नसा पुऱ्या तयार नसतात, त्याला काही कळत नाही, आठवणारही नाही, असा समज. शिवाय भूल त्याला सोसणार नाही ही भीती. चांगले शिकलेले, दयाळू डॉक्टर हे करत होते. मग भारतातून ऑक्सफर्डला गेलेल्या डॉ. कंवलजीत आनंद यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या रक्तातली ताणाची द्रव्यं मोजली. १९८७ साली त्यांचं काम छापून आलं. औषध न दिलेल्या बाळांच्या शरीरात हाहाकार माजलेला होता, औषध दिलेली बाळं त्यातून कितीतरी चांगली बाहेर आली. बाळ रडू शकत नव्हतं, हलू शकत नव्हतं, पण वळ रक्तात उठले होते. पाहणारा हवा होता. आम्ही हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ हातातलं काम सुचलं नाही.

दुसरं उदाहरण २००६ सालचं. इंग्लंडमध्ये एक तेवीस वर्षांची मुलगी अपघातानंतर महिनोन् महिने पडून होती. डोळे उघडे, पण कशालाच प्रतिसाद नाही. आत कुणी नाही असंच निदान होतं. डॉ. एड्रियन ओवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला मेंदूचं चित्र काढणाऱ्या यंत्रात ठेवलं आणि कानाशी सांगितलं, तू टेनिस खेळतेस अशी कल्पना कर. नंतर सांगितलं, आपल्या घरातल्या खोल्यांतून फिरतेस अशी कल्पना कर. तिच्या मेंदूतले तेच भाग उजळले जे तुमच्या-आमच्या मेंदूत उजळले असते. ती ऐकत होती.

सेवेच्या निमित्तानं आम्ही अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जातो. अर्धांगवायूनं वाचा गेलेली आजी खाटेवर असते आणि तिच्या उशाशीच घरचे बोलत असतात, आता किती दिवस राहिलेत, जमिनीच्या कागदांचं काय करायचं. वाईट लोक नसतात ते. रात्ररात्र जागतात, कूस बदलतात, लंगोट बदलतात. पण ती बोलत नाही म्हणजे ऐकत नाही असं त्यांनी नकळत धरलेलं असतं. एका घरी आम्ही आजींच्या कानाशी हरिपाठ म्हणत होतो. चेहरा दगडासारखा. म्हणून झाल्यावर निघायला उठलो तर उशीवर ओला डाग होता. ते पाणी कशाचं, याचा दाखला आम्ही देऊ शकत नाही. डोळ्यांचा आजारही असेल. पण त्या दिवसापासून कागदांचं बोलणं त्या घरात पडवीत होऊ लागलं.

आणि हीच मंडळी, म्हणजे आपणच, संध्याकाळी मोबाईलमधल्या बोलक्या मदतनीसाला ‘थँक्यू’ म्हणतो. म्हणा की, वाणी बिघडू नये म्हणून म्हणायला काहीच हरकत नाही. पण करुणेलाही दिवसाचे तेवढेच तास मिळतात. आता अशी ॲप निघाली आहेत की बंद करायला गेलं तर ती म्हणतात, जाऊ नकोस ना, मला एकटं वाटेल. हे वाक्य कुणीतरी पगार घेऊन तिथं घातलेलं असतं, किंवा माणूस थांबावा म्हणून यंत्राला तसं शिकवलेलं असतं. आपली मुलं तिथं अर्धा तास थांबतात आणि पलीकडच्या खोलीत आजोबा एकटेच टीव्हीचा रिमोट शोधत असतात. याचा आम्हाला राग येतो. लपवत नाही.

मग काय, कारासाठी रडलेली पोर चुकली का? नाही, मुळीच नाही. तिथं चाबूक नव्हता, पाठ नव्हती, तरी वळ तिच्या पाठीवर उठला. ज्या मनात वळ उठतो ते मन जागं आहे. तिची चेष्टा करू नका, “वेडे, ते खोटं असतं” म्हणून उडवून लावू नका.

खरं म्हणजे खोट्याला खऱ्यासारखं वागवायचं कसं, हे आपल्याइतकं कुणालाच माहीत नसेल. बेंदराला ज्याच्या दावणीला बैल नाही तो मातीचे बैल आणून पुजतो. आपल्या कन्नड शेजाऱ्यांकडे मण्णेत्तिन अमावास्येला मातीचीच बैलजोडी देवघरात बसते. पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतो, ओवाळतो. गणपतीची मूर्ती आणून प्राणप्रतिष्ठा करतो, मूर्तीत प्राण यावेत अशी प्रार्थना करतो, दीड-पाच-अकरा दिवस घरात हळू आवाजात बोलतो, बाप्पा झोपलेत म्हणून दिवा मंद करतो. मग उत्तरपूजा करून पाण्यात सोडतो. डोळ्यांत पाणी येतं. पण बाप्पा बुडाले म्हणून कुणी पोलिसात जात नाही. आपल्याला पक्कं ठाऊक असतं की मातीला थंडी वाजत नाही, आणि तरी तो आदर खोटा नसतो. आलेला प्राण कुठून आला आणि उत्तरपूजेनंतर कुठं गेला, हे आपण जाणतो. पाच वर्षांचं पोर हे दोन्ही एकाच वेळी सांभाळतं. तेच पोर पंधराव्या वर्षी काराच्या बाबतीत गोंधळतं, याचं कारण त्या गेमला उत्तरपूजा नाही. तो संपतो आणि लगेच दुसरा व्हिडिओ सुरू होतो.

मातीच्या बैलापुढं दिवा लावून खऱ्या बैलाला पराणी टोचणारे मात्र असतात. पूजा उलट्या बाजूनं फिरली की असं होतं.

या गेममध्ये एक प्रसंग आहे, तो आम्हाला सगळ्यांत मोलाचा वाटला. अँड्रॉइड बनवणारा मूळ संशोधक काम्स्की याला भेटायला कॉनर त्याच्या घरी जातो. काम्स्की आपल्या क्लोई नावाच्या अँड्रॉइडला गुडघ्यावर बसवतो, कॉनरच्या हातात पिस्तूल देतो आणि म्हणतो, हिला गोळी घाल, म्हणजे तुला हवी ती माहिती देतो. नाही घातलीस तर काही मिळणार नाही. क्लोई एक शब्द बोलत नाही. गयावया करत नाही. ती नुसती बघत राहते. म्हणजे इथं बोलण्याची कसोटी लेखकानं स्वतःच बाजूला काढून ठेवली आहे, आणि परीक्षा गुडघ्यावर बसलेलीची नाही, पिस्तूल धरलेल्याची आहे. वर्गात मुलांना विचारलं तर निम्म्यांनी सांगितलं, गोळी घातली नाही. उरलेल्यांपैकी एक जण प्रामाणिकपणे म्हणाला, आधी घातली, मग पुन्हा मागं जाऊन घातली नाही, दोन्ही बघायचं होतं. गेममध्ये पाप लागतं का, असंही त्यानं विचारलं. आमच्या काही गुरुभगिनींचं मत पडलं की लागतं, मनात हिंसा आली म्हणजे झालंच. आम्हाला तसं वाटत नाही. नाटकात दुःशासनाचं काम करणाऱ्याला वस्त्रहरणाचं पाप लागत नाही. मात्र रोज चार तास तेच काम करायची हौस वाटू लागली, तर आईनं लक्ष घालावं.

प्रत्येक भागाच्या शेवटी हा गेम एक नकाशा दाखवतो, तुम्ही कुठला रस्ता घेतला, कुठले रस्ते होते पण घेतले नाहीत, आणि जगातल्या किती टक्के खेळणाऱ्यांनी तुमच्यासारखंच केलं. कर्माचा असा छापील हिशेब मिळाला असता तर बरं झालं असतं, असं आमच्यातल्या एकीचं मत पडलं. दुसरी म्हणाली, नको गं बाई!

अजून एक. त्या गेममध्ये बसमध्ये अँड्रॉइडना मागच्या बाजूला वेगळ्या कप्प्यात उभं राहावं लागतं. दुकानांवर पाट्या असतात, अँड्रॉइडना प्रवेश नाही. मुलांना हे कल्पनेतलं वाटतं. त्यांना सांगा की अमेरिकेत काळ्या लोकांना खरोखरच बसमध्ये मागं बसवत होते, आणि १९५५ साली रोझा पार्क्स या बाईनं जागा सोडायला नकार दिला म्हणून तिला अटक झाली. लेखकानं ते तिथून उचललंय. आणि मग, हिंमत असेल तर, हेही सांगा की आपल्याकडे कितीतरी घरांत धुण्या-भांड्याला येणाऱ्या मावशींचा कप अजूनही वेगळा, मोरीच्या कट्ट्यावर पालथा ठेवलेला असतो. त्या कपाला कान नसला तरी चालतो. ताप आला म्हणून त्या एक दिवस आल्या नाहीत तर आपण म्हणतो, “आज मशीन बंद!” हसतच म्हणतो. मुलं ऐकतात. यंत्राला माणूस म्हणावं का हा प्रश्न ती गेममधून घेऊन येतात, माणसाला यंत्र म्हणायचं ती आपल्याकडून शिकतात.

काराच्या गोष्टीत शेवटी कळतं की ती जिच्यासाठी एवढी धडपडली ती ॲलिस माणसाची मुलगी नाहीच, तीही अँड्रॉइडच. वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, “हे कळल्यावर काराची माया कमी व्हायला हवी होती का?” आम्ही उलट तिलाच विचारलं, तुझी कमी झाली का? ती बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “थोडी झाली. पण मग मला लाज वाटली.” तिची लाज खरी होती. एवढंच आम्ही तिला सांगितलं, आणि ती लाज कुठं वापरायची ते तिचं तिला सापडेल म्हणून पुढं काही बोललो नाही.

येत्या रविवारी बालसंस्कार वर्गात या विषयावर बोलायचं ठरलं आहे. मोठ्या मुलांना एक काम दिलंय, घरात किंवा गोठ्यात जो बोलू शकत नाही असा एक जीव निवडायचा, आठवडाभर बघायचा आणि त्याला काय वाटत असावं हे तुला कशावरून कळलं, ते लिहून आणायचं. एकानं शेजारच्यांची पाडी निवडली आहे, दुसरीनं दोन महिन्यांचा भाऊ. आजी-आजोबांनी मदत करावी, पण लिहून देऊ नये. पाऊस असला तरी वर्ग होणार. येताना छत्री आणि पेन आणा.

जय जय राम कृष्ण हरी.